उलटी बट

या, आत या. दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. तुमच्या आत्यांचा टोप तयार आहे. वरच्या फळीवर, डावीकडून तिसरी पेटी. तुम्हीच काढून घ्याल का? नाही नाही, गुडघे माझे ठणठणीत आहेत. जिना चढायला सांगितलंत तर तुमच्याआधी वर पोचेन. संध्याकाळ झाली की मी या खुर्चीतून उठायचं टाळते, एवढंच.

हात लावून बघा. आत्यांच्या जुन्या फोटोवरून भांग पाडलाय, डावीकडे. थोडे पांढरे केस मुद्दाम घातलेत. साठीच्या बाईच्या डोक्यावर सगळे काळेभोर केस असले की लोकांना आधी टोप दिसतो, बाई नंतर. आता नीट ऐका आणि त्यांना जसंच्या तसं सांगा. टोप घालून झोपायचं नाही. रात्री काढायचा, टोकांपासून विंचरायला घेऊन वरवर जायचं, मग सैल वेणी घालायची, रेशमी फडक्यात गुंडाळायचा आणि त्या लाकडी डोक्यावर ठेवायचा. माणसासारखं त्यालाही निजवावं लागतं.

आणि तुमच्या केसांचं काय? हसताय काय, आल्यापासून चारदा हात मानेमागे गेला तुमचा. कमरेखाली केस, आणि सकाळी उठलं की मानेपाशी हा एवढा गुंता, बरोबर ना? मग घाई असते, कात्री घेऊन तेवढा गुंताच कापून टाकता. कबूल करून टाका, सगळ्याच करतात.

बसा त्या स्टुलावर. ओले केस घेऊन निजू नका, ओला केस ताणला की लांबतो आणि तुटतो. घट्ट बांधून नको, मोकळे सोडून तर मुळीच नको. उशीचा सुती अभ्रा बदला, सुती कापड रात्रभर केस धरून ठेवतं. रेशमी नाहीतर साटीनचा घाला. वेणी सैल, आणि मानेच्या एका बाजूनं पुढे घेतलेली, म्हणजे कूस बदलताना ती अंगाखाली सापडत नाही. शेवटाला रबर नको, मऊ फीत. बस, याहून जास्त काही नाही. हे मी दहा वर्षांची असल्यापासून करत आलेय. स्वतःच्या केसांसाठी नव्हे हं. माझे केस म्हणजे सुतळी. धाकटीच्या केसांसाठी.

माझ्या गळ्याभोवतीच्या रुमालाकडे बघताय ना? तेही सांगते. दिवा जरा तुमच्या बाजूला ओढून घ्या आणि ऐका.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला असायची. संध्याकाळी साताला ती जायची आणि सकाळी चादरींचा, सोड्याचा वास घेऊन यायची. रात्रभर घरात आम्ही दोघी. एक खोली, एक लोखंडी पलंग, आणि समोरच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी. धाकटी माझ्याहून पाच वर्षांनी लहान. पाचव्या वर्षीच तिचे केस कमरेपर्यंत आले होते, आणि असे दाट की आई म्हणायची, "या पोरीनं माझ्या वाटचंही जेवण डोक्यावर नेलं." आईला सकाळी ते विंचरायला वेळ नसायचा. म्हणून रात्री नीट बांधून निजवायचं काम माझ्या गळ्यात. धुलाईखान्यात कुणीतरी विसरून गेलेल्या कोटाचं रेशमी अस्तर आईनं आणलं होतं, राखी रंगाचं. त्याचा उशीला अभ्रा झाला, आणि उरलेल्या पट्टीची फीत झाली.

धाकटी अंधाराला फार भ्यायची. मी झोपेत उठून कुठंतरी निघून जाईन, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून तिनं एक युक्ती काढली. मी तिची वेणी घालून झाली की ती माझी घालायची, कशीबशी, वाकडीतिकडी. मग दोन्ही वेण्यांची टोकं एकत्र घ्यायची आणि त्या एकाच फितीनं बांधायची.

"आता उठून दाखव," म्हणायची. "तू उठलीस की मी जागी होते."

आणि खरंच व्हायची. मी पाणी प्यायला उठले तरी मानेपाशी हिसका बसायचा आणि मागून आवाज यायचा, "कुठं चाललीस?" किती रात्री तहानेनं काढल्यात मी, विचारू नका. चिडायचे, पण आवडायचंही. आपल्याला कुणीतरी इतकं घट्ट धरून ठेवलंय, हे काय रोज कुणाच्या वाट्याला येतं?

एकोणीस वर्षांची झाले तेव्हा मला या कामाला बोलावणं आलं. दुसऱ्या शहरात, टोप करणाऱ्या एका मास्तरांकडे. पहाटेची गाडी होती. धाकटी तेव्हा चौदाची, चांगली घोडी झालेली, तरी फीत बांधल्याशिवाय झोपत नव्हती. तिला उठवलं तर रडेल, मग माझाही पाय निघणार नाही, म्हणून मी पडल्या पडल्याच दोन बोटांनी ती गाठ सोडली. अर्धा तास लागला असेल. ती जागी झाली नाही. पुढे कधी त्यावरून बोलली नाही, भांडली नाही. एकदाच, तिच्या लग्नात, मी तिची वेणी घालत असताना आरशातून बघत म्हणाली, "फीत तू सोडलीस हं ताई." आणि हसली. मी पण हसले. पण ते माझ्या पोटात राहिलंच.

मास्तरांनी पहिल्या दिवशी मला काय शिकवलं ते तुम्हाला दाखवते. तुमचा एक केस द्या, गळलेला. हा तुमच्या खांद्यावरचा चालेल. केसावर डोळ्याला न दिसणारे खवले असतात, माशासारखे. त्यांची तोंडं टोकाकडे असतात. म्हणून केस असा चिमटीत धरायचा आणि अंगठा बोटावर मागेपुढे चोळायचा. बघा... सरकतोय ना? आपोआप, एकाच बाजूला. ज्या बाजूला सरकतो तिकडे त्याचं मूळ. कितीही वेळा करा, तो मुळाकडेच जाणार. मास्तर म्हणायचे, "केस घरी निघतो."

हे का तपासायचं? टोपात सगळे केस एकाच दिशेनं हवेत, मूळ वर, ज्या जाळीत केस विणतात तिच्याकडे, आणि टोक खाली. एखादी बट उलटी लागली, तर तिचे खवले शेजारच्या केसांत अडकतात आणि नुसत्या हालचालीनं गुंता होतो, लोकरीसारखा. म्हणून आम्ही केस कापायच्या आधीच मुळाकडे पांढरा दोरा बांधतो. आणि तरीही, दोरा असला तरी, प्रत्येक बट चिमटीत धरून बघतोच. कुणाचीही असो. पस्तीस वर्षांत मी हे एकदाच केलं नाही.

धाकटीचा आजार कळला तेव्हा ती पन्नाशीला आली होती. औषधानं केस जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. ती माझ्याकडे आली, याच स्टुलावर बसली आणि म्हणाली, "जायच्या आधी तूच काप. आणि त्यांचाच टोप कर. दुसऱ्या कुणाचे केस मला नकोत."

मी कापले. दोरा बांधायचा, कापायचं, कागदावर ठेवायचं. अकरा बटा झाल्या. बारावी मानेवरची, सगळ्यात आतली, लहान मुलाच्या केसांसारखी मऊ. तिथं कात्री लावली तर धाकटीनं मागे हात करून माझं मनगट धरलं. "ही राहू दे ना."

"एकटी ठेवून काय करणार? तीही जाणारच आहे गं."

मग तिनंच माझ्या हातातून कात्री घेतली आणि मागे हात नेऊन ती बट कापली. दोरा बांधायच्या आधीच. बट तिच्या हातातून निसटून जमिनीवर पडली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तिला दिसू नये म्हणून मी खाली वाकले, चाचपडत ती उचलली आणि जे टोक हाताला लागलं त्याला दोरा बांधून टाकला. धाकटी केसांची टोकं नेहमी सरळ छाटून घ्यायची, त्यामुळे दोन्हीकडून बट सारखीच दिसत होती. पुढे टोप विणायला बसले तेव्हा चिमटीत धरून बघितलंच नाही. आपल्या घरचेच केस, त्यात काय तपासायचं, असं वाटलं.

टोप सुरेख झाला. घातल्यावर ती आरशासमोरून हलेना. पण आठ दिवसांत फोन आला. "ताई, मानेपाशी गुंता होतो गं याचा."

"घालून झोपतेस का?"

"नाही गं. रोज काढून ठेवते. वेणी घालून."

आता तुम्ही आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. मानेपाशी गुंता म्हणजे बाई टोप घालून झोपते. शंभरातल्या शंभर बायका नाहीच म्हणतात. नवऱ्यासमोर मोकळं डोकं दाखवायला जिवावर येतं, म्हणून घालून झोपतात आणि मग आमच्याकडे येऊन साळसूदपणे सांगतात. मला वाटलं, हीपण त्यातलीच. मी टोप नीट करून दिला. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती स्वतः घेऊन आली. औषधानं चेहरा सुजलेला, जिना चढून धाप लागलेली. आणि मी माझ्या बहिणीला काय म्हणाले, ऐका. "खोटं कशाला बोलतेस? मला शिकवतेस का? जपायचाच नव्हता तर करून कशाला घेतलास?"

तिनं डोक्याला फडकं बांधलं, टोप पेटीत ठेवला आणि पेटी काखेत मारून खाली उतरली. त्यानंतर तो तिच्या डोक्यावर मला कधीच दिसला नाही. मी भेटायला जायचे, ती माझ्याशी सगळं बोलायची, हसायची. टोपाचं नाव नाही. मीही काढलं नाही. चार महिन्यांत ती गेली.

महिन्याभरानं मेव्हणे पेटी घेऊन आले. इथं दारातच उभे राहिले. म्हणाले, "तुमच्याकडेच असू दे. मला घरात बघवत नाही."

निघताना वळले आणि म्हणाले, "फार जपायची हो ती याला. रोज रात्री काढून, विंचरून, वेणी घालून, त्या राखी रेशमात गुंडाळून ठेवायची. मी बघायचो ना. दिवसभर घातला की संध्याकाळी पुन्हा गुंता. मग बसायची सोडवत. माझंच काहीतरी चुकत असेल, म्हणायची. ताई म्हणते म्हणजे माझंच चुकत असेल."

ते गेल्यावर मी दार लावलं आणि तिथंच खाली बसले, पेटी मांडीवर घेऊन.

त्या रात्री टोप मी आत नेला, माझ्या झोपायच्या खोलीत. टोकांपासून विंचरला, सैल वेणी घातली, तिच्याच त्या राखी रेशमात गुंडाळला, वर गाठ मारली आणि लाकडी डोक्यावर ठेवला. सकाळी गाठ जशीच्या तशी होती. सोडून बघते तर वेणी विस्कटलेली आणि मानेपाशी मुठीएवढा गुंता.

वाटलं, आपल्याच हातून घाईत बांधला गेला असेल. दुसऱ्या रात्री दोन गाठी मारल्या. सकाळी दोन्ही गाठी जागच्या जागी आणि आत तोच गुंता. तिसऱ्या दिवशी रेशीम सोडताना वास आला. औषधाचा नाही, तेलाचाही नाही. निजलेल्या लहान मुलाच्या डोक्याला येतो ना, कोमट, किंचित आंबूस, तो. तो वास मी दहा वर्षांची असल्यापासून ओळखते. भ्यायले, खोटं कशाला सांगू. पण टाकून पळाले नाही. उलट नाक खुपसून बसले त्यात.

मग ते रोजचंच झालं. सकाळी उठायचं, चहासुद्धा न घेता टोप मांडीवर घ्यायचा आणि गुंता सोडवत बसायचं. अर्धा अर्धा तास. तिच्याशी बोलायचं. आईचं, त्या पलंगाचं, समोरच्या भिंतीवर आम्ही खडूनं काढलेल्या मांजराचं. गिऱ्हाइकं दार वाजवून परत जायची. मला कुणी वेडी म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझी बहीण रोज रात्री माझ्याकडे निजायला येत होती, आणखी काय हवं होतं मला? पुढे पुढे टोप लाकडी डोक्यावर ठेवणंही सोडलं. माझ्या शेजारी दुसरी उशी मांडली आणि तिच्यावर ठेवू लागले.

एका रात्री झोप लागली नाही. किती वाजले होते कोण जाणे. खोलीत मिट्ट काळोख. रस्त्यावरची वाहनं थांबली होती, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी नळ थेंब थेंब गळत होता. आणि मग शेजारच्या उशीवर रेशीम सरकल्याचा आवाज झाला. अगदी हलका. कुणीतरी कूस बदलावी तसा... मग थांबला. मग पुन्हा. तो वास आता आला, जवळून. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. वळायची छाती होईना.

"ताई..."

मी श्वास धरून ठेवला.

"ताई... ओढतंय गं."

आता काय म्हणायला हवं होतं मी? आली आहे ती, इतक्या लांबून. बाळ म्हणायचं, जवळ घ्यायचं, माफी मागायची. पण या जिभेला सवयच तशी लागलेली. तिच्यावरून नेमकं तेच गेलं.

"काढून नाही ना ठेवलास?"

 नळाचे थेंब पडत होते. मग अगदी बारीक आवाज आला.

"ठेवला होता गं..."

त्यानंतर ती बोलली नाही. मी वळले, हात पुढे केला. उशी कोमट होती आणि मध्ये खोलगट. खोलगटात नुसता टोप.

उजाडताच मी तो उचलून या टेबलावर आणला, याच दिव्याखाली. पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा असावा तसा तपासायला घेतला. बट बट सुटी केली आणि चिमटीत धरून चोळली. अकरा बटा वर सरकल्या, जाळीकडे. मानेवरची बारावी खाली सरकली. पुन्हा केलं, पुन्हा खाली. घर सोडून उलट्या दिशेनं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती खोटं बोलत नव्हती. एकदाही बोलली नव्हती. चूक माझ्या हातची, आणि बोलणी तिनं खाल्ली. मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिली, आणि आता मेल्यावरही तिला नीट निजता येत नव्हतं, ते मी लावलेल्या त्या एका बटेपायी.

तुम्ही म्हणाल, मग लगेच काढून टाकली असेल. नाही. इथंच मी कमी पडले. कारण मला कळत होतं, ती येते ती ओढतं म्हणून. बट काढली की ओढणार नाही, आणि ओढलं नाही तर ती कशाला येईल? जाळीत केस विणायची आकड्याची सुई मी रोज हातात घ्यायचे आणि रोज डब्यात परत ठेवायचे. नऊ रात्री मी तिला तशीच निजवली. रोज वाटायचं, आजची एकच. नवव्या रात्री ती "ताई" सुद्धा म्हणाली नाही. नुसती मुसमुसत होती, लहानपणी गुंता सोडवताना रडायची तशी, आवाज दाबून. मला वाईट वाटू नये म्हणून. तेव्हा मात्र स्वतःची शिसारी आली मला.

दहाव्या दिवशी बसले. एकेक केसाची गाठ सोडवायची, जाळी फाटू न देता. दीड दिवस लागला. बोलत होते तिच्याशी. "चूक माझी होती बाळ. तुझी नव्हती. तू बरोबर ठेवत होतीस. मी ओरडायला नको होतं." शंभरदा म्हटलं असेन. सगळे केस निघाल्यावर त्यांची पुन्हा बट केली, चिमटीत धरून खरं मूळ शोधलं आणि त्याला पांढरा दोरा बांधला. यावेळी बरोबर बाजूला. मग ती राखी रेशमात गुंडाळून आतल्या कपाटात ठेवली.

त्या रात्रीपासून टोप जसा निजवावा तसाच सकाळी मिळू लागला. गुळगुळीत, वेणी जागच्या जागी. वास गेला. उशी गार. मी रात्र रात्र कान देऊन पडायचे, वरचा नळही त्यांनी दुरुस्त करून घेतला होता, मग तर काहीच नाही. बरं वाटायला हवं होतं ना? ती सुटली होती. पण सकाळी टोप मांडीवर घेतला की सोडवायला काही नसायचं, आणि हात नुसते पडून राहायचे. त्या दिवसांत मी जेवढी रडले तेवढी ती गेली तेव्हाही रडले नव्हते. एका रात्री, निजण्यापूर्वी, मी मोठ्यानं म्हणाले. भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "फीत मी सोडायला नको होती गं."

बस, एवढंच म्हणाले.

सकाळी उठायला गेले तर मानेपाशी हिसका बसला.

वाटलं, केस पलंगाच्या कडेत अडकले. हात मागे नेला. माझी ही सुतळी, जी मी वर्षानुवर्षं विंचरून मोकळी सोडत आलेय, तिची वेणी घातलेली होती. सैल, एका बाजूनं पुढे घेतलेली, जरा वाकडीतिकडी. तीन पेडांपैकी दोन माझे, पांढरे. तिसरा काळा. कमरेपर्यंत लांब, लहान मुलाच्या केसांसारखा मऊ. कपाट उघडलं. रेशमाची गाठ मी मारली तशीच होती. आत काही नव्हतं.

काढायला गेले, निघेना. जाळीला गाठ असते तशी गाठ शोधली, नाही. माझ्याच कातडीतून ती बट येते. ओढली तर दुखतं. आणि तिच्या मोकळ्या टोकाला मी बांधलेला पांढरा दोरा आहे.

रुमाल काढते, थांबा. या, दिव्याजवळ या. भिऊ नका, ही बघा. ओढू मात्र नका. फक्त चिमटीत धरा, मघाशी दाखवलं तसं, आणि चोळा... हळू. कुठल्या बाजूला सरकतेय? माझ्या डोक्याकडे नाही ना? बाहेर. दाराकडे. मूळ तिकडे कुठंतरी आहे, आणि इकडे आहे ते टोक.

दिवसभर ती सैल असते. संध्याकाळ झाली की तिला भार येतो. निजलेल्या लेकराचं डोकं जसं हळूहळू हातावर जड होतं, तसा. कापावी असं मनात येत नाही, तुमच्या डोळ्यांत तोच प्रश्न दिसतोय म्हणून सांगते. आणि सोडायची म्हटलं तरी सोडणार काय? यावेळी फीतच ठेवलेली नाही तिनं.

चला, उशीर झाला तुम्हाला. पेटी उभी धरा, आडवी नको. आत्यांना म्हणावं, मानेपाशी गुंता झाला तर आधी माझ्याकडे या, कुणाचं काही ऐकून घेऊ नका. आणि जाताना तेवढा दिवा मालवाल का? दार सावकाश ओढून घ्या. मी नाही उठत. आत्ताच झोप लागलीये तिला, मी उठले की ती जागी होते.